वेगमर्यादा, पोलिसी सापळा आणि वाहनचालकांचा रोष : इंग्लंडमधील अनुभव (१८९६-१९३५) व भारतीय कायद्यातील त्याचे पडसाद

गोषवारा

वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल होणारा दंड हा वाहनचालकाच्या मनात शासनाविषयी कायमची तक्रार निर्माण करणारा विषय आहे. ही तक्रार आधुनिक यंत्रणांमुळे निर्माण झाली, असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात मोटारगाडी रस्त्यावर येताच ती जन्माला आली होती. प्रस्तुत लेखात इंग्लंडमधील १८९६ ते १९३५ या कालखंडातील वेगनियंत्रणाचा, पोलिसांच्या 'सापळ्यां'चा आणि चालकांच्या संघटित प्रतिकाराचा आढावा घेतला आहे. तसेच त्या संघर्षातून निर्माण झालेल्या दोन कायदेशीर तरतुदी भारतीय मोटार वाहन कायद्यात कशा टिकून राहिल्या, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : वेगमर्यादा, पोलिसी सापळा, ऑटोमोबाईल असोसिएशन, मोटार कार कायदा १९०३, ई-चलान.

प्रस्तावना

'पावती फाडणे' हा वाक्प्रयोग मराठीत इतका रूढ झाला आहे की त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. वाहतूक पोलिसाने अडविले, दंड वसूल केला व पावती दिली, एवढा व्यवहार या दोन शब्दांत सामावलेला आहे. 'दंड भरला' असे न म्हणता 'पावती फाडली' असे म्हणण्यात एक सूक्ष्म नाराजी आहे. आपल्या हातून अपराध घडला, यापेक्षा आपण सापडलो, ही भावना त्यातून व्यक्त होते. इंग्रजी भाषेत याच व्यवहाराला विसाव्या शतकाच्या आरंभी 'ट्रॅप', म्हणजे सापळा, हा शब्द मिळाला. शिकाऱ्याने जनावरासाठी लावावा तसा पोलिसाने नागरिकासाठी सापळा लावला, असा आरोप त्या शब्दातच होता.

इतिहासाच्या अभ्यासकाला या शब्दांचे महत्त्व वाटते ते एका कारणाने. चोरी किंवा मारामारी यांबाबत पकडला गेलेला मनुष्य कायदाच अन्यायकारक आहे असे सहसा म्हणत नाही. वेगाच्या गुन्ह्याबाबत मात्र प्रतिष्ठित, सुशिक्षित व एरवी कायदा पाळणारा नागरिक उघडपणे तसे म्हणतो. ही विसंगती कशी निर्माण झाली, तिच्यात तथ्य किती व स्वार्थ किती, आणि तिचा कायद्याच्या घडणीवर कोणता परिणाम झाला, या तीन प्रश्नांचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

लाल निशाणापासून ताशी वीस मैलांपर्यंत

इंग्लंडमध्ये स्वयंचलित वाहनांच्या वेगावरील कठोर निर्बंध मोटारगाडीच्या आधीचे आहेत. १८६५ च्या कायद्याने रस्त्यावरून जाणाऱ्या वाफेच्या इंजिनांना खेड्यात ताशी ४ मैल व शहरात ताशी २ मैल एवढीच मुभा दिली. इंजिनासोबत तीन माणसे असावीत आणि त्यांपैकी एकाने लाल निशाण घेऊन ६० यार्ड पुढे चालावे, असेही बंधन होते. १८७८ मध्ये निशाणाची सर्वसाधारण सक्ती उठली, परंतु पुढे चालणारा माणूस कायम राहिला. अवजड वाफेच्या इंजिनांसाठी केलेला हा कायदा शतकाच्या अखेरीस पेट्रोलवर चालणाऱ्या हलक्या गाडीलाही लागू झाला आणि संघर्षाला आरंभ झाला.

जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातील पॅडॉक वुड या गावातून वॉल्टर अर्नोल्ड हा गृहस्थ ताशी ८ मैल वेगाने गाडी हाकीत गेला. तेथील शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले. वेगाबद्दल त्याला १ शिलिंग दंड झाला. वेगाच्या गुन्ह्यासाठी दंड झालेला ब्रिटनमधील हा पहिला मोटारचालक मानला जातो. सायकलवरील शिपायाने मोटार पकडावी, या प्रसंगाने त्या कायद्याची कालबाह्यता आपोआप सिद्ध केली.

त्याच वर्षीच्या कायद्याने हलक्या वाहनांना ताशी १४ मैलांपर्यंत परवानगी दिली. लोकल गव्हर्नमेंट बोर्डाने ती नियमांद्वारे १२ मैलांवर आणली. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी हा कायदा अमलात आला, तेव्हा मोटारप्रेमींनी लंडन ते ब्रायटन अशी फेरी काढून आपली 'मुक्ती' साजरी केली. याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात लंडनमधील क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पादचारी स्त्री मोटारीखाली सापडून मृत्यू पावली होती. मोटारीमुळे मृत्यू आलेली ब्रिटनमधील ती पहिली पादचारी समजली जाते. असा प्रसंग पुन्हा कधी घडू नये, अशी अपेक्षा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली होती. एकाच वर्षात घडलेल्या या घटना पुढील सर्व वादाच्या दोन बाजू दर्शवितात.

१९०३ चा मोटार कार कायदा हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. १ जानेवारी १९०४ पासून प्रत्येक गाडीची नोंदणी व क्रमांकाची पाटी आवश्यक ठरली. चालकाला ५ शिलिंग भरून परवाना घ्यावा लागे, मात्र त्यासाठी कोणतीही चाचणी नव्हती. कमाल वेग ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, ठरला. वेगाच्या पहिल्या गुन्ह्यास १० पौंडांपर्यंत, दुसऱ्यास २० पौंडांपर्यंत व त्यापुढे ५० पौंडांपर्यंत दंडाची तरतूद होती. क्रमांकाच्या पाटीमुळे गाडी आता पळून गेली तरी ओळखता येत होती. चालक कोण होता याची माहिती देण्याचे दायित्व मालकावर टाकण्यात आले. आज कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रावरून मालकाला नोटीस जाते, तिचे मूळ या व्यवस्थेत आहे.

याच कायद्यात चालकाच्या बाजूने दोन तरतुदी झाल्या. एकाच साक्षीदाराच्या वेगविषयक केवळ मतावरून कोणासही दोषी ठरविता येणार नाही, ही पहिली. गुन्ह्याच्या वेळी चालकाला खटल्याची ताकीद दिलेली असावी, अथवा २१ दिवसांच्या आत तशी सूचना पाठविलेली असावी, ही दुसरी. या दोन तरतुदींचा विचार पुढे भारतीय कायद्याच्या संदर्भात पुन्हा करावा लागतो.

मोजलेला टप्पा आणि स्टॉपवॉच

साक्षीदाराचे मत पुरेसे नाही म्हटल्यावर पोलिसांना मोजमाप आवश्यक झाले. त्यातून सापळ्याची पद्धत रूढ झाली. साधारणतः एक फर्लांग, म्हणजे २२० यार्ड लांबीचा रस्ता मोजला जाई. त्याच्या दोन टोकांना शिपाई कुंपणाआड किंवा झाडामागे दडून बसत. गाडी पहिल्या टोकावरून जाताच खूण केली जाई, स्टॉपवॉच सुरू होई आणि दुसऱ्या टोकाला ते थांबविले जाई. पुढे उभा असलेला गणवेशातील शिपाई गाडी अडवीत असे. लंडन-ब्रायटन व लंडन-पोर्टस्मथ या रस्त्यांवर, विशेषतः सरे परगण्यात, असे सापळे नेहमीचे झाले.

या पद्धतीतील अचूकतेचा प्रश्न अंकगणिताने स्पष्ट होतो. ताशी २० मैल वेगाने जाणारी गाडी २२० यार्ड अंतर २२.५ सेकंदांत कापते. तेच अंतर २१.५ सेकंदांत कापल्यास वेग ताशी सुमारे २१ मैल भरतो, २०.५ सेकंदांत कापल्यास सुमारे २२ मैल. म्हणजे खूण करण्यात किंवा घड्याळाची कळ दाबण्यात दोन्ही टोकांना मिळून एक सेकंदाची चूक झाली, तर निर्दोष चालक दोषी ठरण्यास ती पुरेशी होती. उलट ताशी ३० मैल वेगाने जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही चूक निकालावर परिणाम करीत नव्हती. मर्यादेच्या काठावरील चालकांची तक्रार त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. तिचा आधार घेऊन भरधाव जाणाऱ्यांनीही तीच तक्रार केली, हेही तितकेच खरे आहे.

अचूकतेपेक्षा मोठा आक्षेप स्थळाच्या निवडीविषयी होता. पोलीस सापळे सरळ, मोकळ्या व निर्धोक रस्त्यावर लावतात, गावातील अरुंद वळणावर किंवा शाळेजवळ लावत नाहीत, असे मोटारचालक म्हणत. सरळ रस्त्यावर टप्पा मोजणे व दडून बसणे सोयीचे होते, हे त्याचे एक व्यावहारिक कारण. परंतु चालकांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला. सुरक्षितता हा हेतू नसून दंडाची वसुली हाच हेतू आहे, असा आरोप मोटारविषयक नियतकालिकांतून सातत्याने होऊ लागला. शंभर वर्षांनंतरही हाच आरोप जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येतो.

चालकांची संघटना आणि सलामीचा संकेत

२९ जून १९०५ रोजी लंडनमधील ट्रोकाडेरो उपाहारगृहात काही मोटारचालक एकत्र आले व त्यातून ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था आकारास आली. आज रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांना मदत करणारी संस्था म्हणून ती ओळखली जाते, परंतु तिचा मूळ हेतू सापळ्यांविषयी सावध करणे हा होता. संस्थेने सायकलस्वार नेमले. ते प्रमुख रस्त्यांवर फिरत व पुढे सापळा असल्यास चालकांना इशारा देत. सभासदांना न्यायालयात वकिलाची मदतही संस्था पुरवीत असे.

त्याआधी १८९७ मध्ये स्थापन झालेला व १९०७ मध्ये 'रॉयल' उपाधी मिळालेला ऑटोमोबाईल क्लब अस्तित्वात होता. परंतु कायदा मोडणाऱ्यांना उघड साहाय्य करणे त्याच्या प्रतिष्ठित सभासदांना प्रशस्त वाटत नव्हते. नव्या संस्थेला असा संकोच नव्हता. पोलिसांच्या विशिष्ट कार्यपद्धतीला विरोध करण्यासाठी नागरिकांच्या सधन वर्गाने पगारी माणसे नेमून संस्था चालवावी, ही इंग्लंडच्या सामाजिक इतिहासातील अपूर्व घटना होती.

न्यायालयांची भूमिका

इशारा देणे हा गुन्हा आहे काय, या प्रश्नावर उच्च न्यायालयाचे दोन निर्णय उल्लेखनीय आहेत. बॅस्टेबल विरुद्ध लिटल या खटल्यात इशारा देणाऱ्यास दोषी ठरविण्यात आले नाही. ज्या गाड्यांना इशारा दिला गेला त्या त्या क्षणी मर्यादेबाहेर धावत होत्या, असा पुरावा तेथे नव्हता. कायदा मोडू नये असे एखाद्यास सांगणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा नव्हे, असे त्या निर्णयाचे तात्पर्य होते.

बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स या खटल्यात परिस्थिती बदलली. येथे असोसिएशनच्या माणसाने ज्यांना सावध केले त्या गाड्या इशाऱ्याच्या वेळी मर्यादा ओलांडून धावत होत्या. गुन्हा घडत असताना चालकास वेग कमी करावयास लावणे म्हणजे पोलिसांना पुरावा मिळू न देणे होय, असा अर्थ लावून लॉर्ड आल्व्हरस्टोन यांच्या पीठाने अडथळ्याचा आरोप मान्य केला. १९१० च्या न्यायनिर्णयसंग्रहात हा निर्णय प्रसिद्ध आहे.

यावर असोसिएशनने काढलेला मार्ग कल्पक होता. संस्थेचे सायकलस्वार सभासदाच्या गाडीवरील बिल्ला पाहून सलाम करीत असत. एखाद्या स्वाराने सलाम न केल्यास सभासदाने गाडी थांबवून त्याचे कारण विचारावे, अशी सूचना देण्यात आली. अर्थात सलाम नाही म्हणजे पुढे सापळा आहे. इशारा देणे हा गुन्हा ठरू शकला, परंतु सलाम न करणे हा गुन्हा ठरविणे कोणत्याही न्यायालयाला अवघड होते. कायद्याच्या शब्दाला कृतीच्या अभावाने दिलेले हे उत्तर होय.

या दोन निर्णयांमागे एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. पोलिसांचे काम वेग कमी करणे हे आहे की वेगाचा पुरावा गोळा करणे हे आहे? इशाऱ्यामुळे गाड्या हळू झाल्या असतील, तर सुरक्षिततेच्या दृष्टीने हेतू साध्यच झाला. परंतु सापळा संपताच त्या पुन्हा वेग घेत असतील, तर इशाऱ्याने केवळ दंड वाचला, धोका टळला नाही. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, आणि कॅमेऱ्यापूर्वी सूचनाफलक लावावा की नाही, हा आजचा वादही याच प्रश्नाभोवती फिरतो.

रोषाचे सामाजिक स्वरूप

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील पोलीस दलाचा संबंध मुख्यतः कष्टकरी व निर्धन वर्गाशी येत असे. संपन्न वर्गाच्या दृष्टीने पोलीस हा मालमत्तेचा रक्षक होता. मोटारीने हे नाते बदलले. जमीनदार, वकील, डॉक्टर, संसदसदस्य अशा मंडळींना प्रथमच रस्त्यात अडवून शिपाई नाव-पत्ता विचारू लागला. क्लाइव्ह एम्स्ली या इतिहासकाराने या काळातील पोलीस व मोटारवाहतूक यांच्या संबंधांचा जो अभ्यास केला, त्यातून हा बदल ठळकपणे पुढे आला आहे. चालकांच्या रोषात वर्गीय अपमानाची भावना होती, ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही.

दुसऱ्या बाजूला ग्रामीण जनतेचाही रोष होता. त्या काळी बहुतेक रस्ते खडी-मातीचे होते. भरधाव मोटारीच्या मागे उठणारी धूळ घरांत, पिकांवर व वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे. कोंबड्या व कुत्री मरत, घोडे बुजत. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, त्यांना या नव्या वाहनाचा केवळ उपद्रव होता. त्यामुळे सापळे लावणारा पोलीस अधिकारी चालकांच्या दृष्टीने छळणारा असला, तरी गावकऱ्यांच्या दृष्टीने तो त्यांचे गाऱ्हाणे ऐकणारा होता.

या संघर्षात तिसरा घटक होता तो पगारी चालकाचा. मालक मागे बसून घाई करी, गाडी चालक हाकी, आणि वेगाच्या तिसऱ्या दोषसिद्धीपासून नोंद चालकाच्या परवान्यावर होई. दंडाची रक्कम मालक भरू शकत असे, परंतु डागाळलेला परवाना घेऊन नोकरी शोधणे चालकाच्याच वाट्याला येई. मोटारविषयक नियतकालिकांतील संतप्त पत्रव्यवहार प्रामुख्याने मालकांचा असल्याने या वर्गाची बाजू इतिहासात अंधुक राहिली आहे.

मर्यादेचे उच्चाटन आणि पुनरागमन (१९३०-१९३५)

१९०५ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने पुढील वर्षी सर्वसाधारण वेगमर्यादा रद्द करण्याची शिफारस केली होती. धोकादायक रीतीने गाडी चालविणे हा गुन्हा असावा, केवळ वेग नव्हे, हा त्यामागील विचार होता. तथापि ताशी २० मैलांची मर्यादा १९३० पर्यंत कागदावर कायम राहिली. मोटारींची क्षमता वाढत गेली, मर्यादा सर्रास मोडली जाऊ लागली, आणि जो कायदा कोणीच पाळत नाही तो सर्वच कायद्यांविषयी अनादर निर्माण करतो, असे मत प्रबळ झाले.

हर्बर्ट मॉरिसन हे वाहतूकमंत्री असताना १९३० चा रोड ट्रॅफिक कायदा झाला. त्याने खासगी मोटारींवरील वेगमर्यादा पूर्णपणे काढून टाकली. त्याऐवजी धोकादायक व बेफिकीर वाहन चालविण्याचे गुन्हे निश्चित केले, तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला आणि वाहतुकीची नियमपुस्तिका काढण्याची तरतूद केली. मालवाहू व मोठ्या प्रवासी वाहनांवरील मर्यादा मात्र कायम राहिल्या. स्वतःची गाडी हाकणारा गृहस्थ विवेकी मानला गेला व पगारी चालकावर बंधन राहिले.

या प्रयोगाचा निकाल आकड्यांत पाहता येतो. १९३० मध्ये रस्त्यांवरील अपघातांत ७,३०५ मृत्यू झाले होते. त्यानंतरच्या दोन वर्षांत ही संख्या ६,७०० च्या आसपास उतरली. त्यामुळे मर्यादेच्या विरोधकांना आपले म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. परंतु १९३४ मध्ये मृत्यूंची संख्या ७,३४३ झाली. मृतांमध्ये पादचाऱ्यांचे प्रमाण मोठे होते. केवळ या आकड्यांवरून वेगमर्यादा उठविल्यानेच मृत्यू वाढले असे म्हणता येत नाही, कारण वाहनांची संख्याही वाढत होती. मात्र चालकाच्या विवेकावर विसंबून मृत्यू रोखता आले नाहीत, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

१९३४ च्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आणली व नव्या चालकांसाठी चाचणी सक्तीची केली. १८ मार्च १९३५ पासून ही मर्यादा लागू झाली. १९३५ मध्ये मृत्यूंची संख्या ६,५०२ पर्यंत खाली आली. वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांचे नाव याच काळात पादचारी ओलांडणीवरील नारिंगी दिव्यांशी कायमचे जोडले गेले. येथे एक तुलना उद्बोधक ठरते. मोटारचालकांची लढाऊ संघटना १९०५ मध्ये उभी राहिली, पादचाऱ्यांची संघटना १९२९ मध्ये स्थापन झाली. म्हणजे ज्यांना दंड होत होता ते, जे मरत होते त्यांच्या चोवीस वर्षे आधी संघटित झाले होते. सापळ्याविरुद्धची तक्रार इतिहासात इतकी मोठी का दिसते, याचे उत्तर काही अंशी या अंतरात आहे.

१९३८ मध्ये लँकेशायर व अन्य काही पोलीस दलांत खटल्याऐवजी सल्ला देणाऱ्या 'सौजन्यशील' वाहतूक पोलिसांची योजना सुरू झाली. संघर्ष कमी करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. पुढील वर्षी महायुद्ध सुरू झाल्याने त्याचे दूरगामी परिणाम पारखण्याची संधी मिळाली नाही.

सापळ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली

वेग टिपणारा कॅमेरा घडविणाऱ्यांत मॉरिस गॅट्सोनिडीस या डच शर्यतपटूचे नाव अग्रगण्य आहे. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या या चालकाने वेगमापनाचे यंत्र मुळात स्वतःची गाडी अधिक वेगाने हाकता यावी म्हणून विकसित केले होते. १९९१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये कॅमेऱ्याचा पुरावा ग्राह्य मानण्याचा मार्ग मोकळा केला व १९९२ पासून असे कॅमेरे बसू लागले. घड्याळाची कळ दाबणाऱ्या शिपायाच्या हाताविषयीची शंका यामुळे मिटली. परंतु तक्रार मिटली नाही. २००० नंतर काही वर्षे दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च भागविण्याची पद्धत अमलात होती, तेव्हा वसुलीचा जुना आरोप नव्या जोमाने पुढे आला. कॅमेरे पिवळ्या रंगाचे व सहज दिसतील असे असावेत, असे धोरण स्वीकारावे लागले आणि २००७ मध्ये ती आर्थिक व्यवस्थाही बंद करण्यात आली. मापन अचूक झाल्यावर संशय मापनावरून हेतूकडे वळला, असे या घटनाक्रमाचे सार सांगता येईल.

भारतीय कायद्यातील पडसाद

भारतात १९१४ चा मोटार वाहन कायदा, त्यानंतर १९३९ चा व सध्याचा १९८८ चा, असा क्रम आहे. १९३९ च्या कायद्यावर ब्रिटनमधील १९३० च्या कायद्याची छाप होती. सध्याच्या कायद्याच्या कलम १८३ मध्ये अतिवेगाचा गुन्हा येतो. त्याच्या तिसऱ्या उपकलमानुसार एकाच साक्षीदाराच्या मतावरून कोणास दोषी ठरविता येत नाही, ते मत यांत्रिक साधनाच्या आधारे बनलेले असल्याचे दाखविले तरच अपवाद होतो. कलम २०९ अन्वये अतिवेगाच्या गुन्ह्यात चालकास त्याच वेळी ताकीद दिलेली असावी, अथवा १४ दिवसांत नोटीस पाठविलेली असावी, अथवा २८ दिवसांत समन्स बजावलेले असावे, असे बंधन आहे. १९०३ मध्ये चालकाच्या संरक्षणार्थ आलेल्या दोन तरतुदी अशा रीतीने शतकानंतरही भारतीय कायद्यात जिवंत आहेत.

कलम १८३ मधील आणखी दोन तरतुदींकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. नोकर चालकास अतिवेगाने वाहन चालविण्यास लावणारा मालकही दंडास पात्र आहे. तसेच मर्यादा न ओलांडता पूर्ण होणे शक्य नाही असे वेळापत्रक किंवा आदेश मालकाने दिला असल्यास, तो त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. मागे बसून घाई करणाऱ्या मालकाचा विचार येथे कायद्याने केला आहे. आज घरपोच माल पोहोचविणाऱ्या दुचाकीस्वारांच्या संदर्भात या तरतुदीचा विचार होणे आवश्यक आहे.

१९८८ च्या मूळ कायद्यात अतिवेगाच्या पहिल्या गुन्ह्यास ४०० रुपयांपर्यंत दंड होता. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो हलक्या वाहनांसाठी १,००० ते २,००० रुपये व मध्यम आणि अवजड वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये केला. महाराष्ट्रात वाढीव दंडास आरंभी विरोध झाला व सुधारित दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले. याच दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद केली. त्याखालील २०२१ च्या नियमानुसार नोटीस १५ दिवसांत पाठविणे, यंत्रांना मान्यता प्रमाणपत्र असणे व देखरेखीची सूचना देणारे फलक ठळकपणे लावणे आवश्यक ठरले. फलकाच्या या अटीत असोसिएशनच्या सायकलस्वाराचे काम कायद्यानेच आपल्याकडे घेतले, असे म्हणता येईल.

तरीही रोष कायम आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांवर आधारित वाहतूक व्यवस्थापन प्रणाली कार्यरत झाली. घाटातील कमी वेगमर्यादा, मालकाच्या मोबाईलवर उशिरा कळणारे चलान आणि साचत जाणारी दंडाची रक्कम हे चालकांच्या तक्रारींचे विषय झाले. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलानांच्या प्रश्नावर संप पुकारला. दुसऱ्या बाजूला, केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या व त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी संबंधित म्हणून नोंदले गेले. चालकाच्या गाऱ्हाण्याचा विचार या आकड्याच्या शेजारी ठेवूनच करावा लागतो.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वेगाच्या दंडाविषयीचा रोष यंत्रयुगाच्या अलीकडच्या टप्प्यातील नाही. पुरावा कसा मिळविला, स्थळ कोणते निवडले, सूचना केव्हा दिली आणि पैसा कोठे गेला, हे चार आक्षेप १९०५ च्या सुमारासच पूर्ण स्वरूपात आढळतात.

२. या रोषाचा कायद्यावर इष्ट परिणामही झाला. एका साक्षीदाराचे मत अपुरे मानणे व वेळेत सूचना देणे या तरतुदींचा लाभ आजचा सामान्य चालकही घेऊ शकतो. म्हणून तो रोष केवळ सधनांचा हट्ट म्हणून बाजूस सारता येत नाही.

३. मर्यादाच नको, ही मागणी मात्र अनुभवाच्या कसोटीवर टिकली नाही. इंग्लंडला पाच वर्षांच्या आत वस्तीच्या भागापुरती का होईना मर्यादा परत आणावी लागली.

४. मापन अचूक झाल्याने विश्वास आपोआप निर्माण होत नाही. पूर्वसूचना, वेळेत नोटीस, हरकत घेण्याची सुलभ सोय व दंडाच्या रकमेचा उघड हिशेब यांच्या अभावी अचूक कॅमेराही सापळाच वाटतो.

५. या वादात चालक व पोलीस हे दोनच पक्ष नोंदले जातात. पादचारी, सायकलस्वार व पगारी चालक यांचा आवाज कागदपत्रांत क्षीण आहे. १९०५ च्या तुलनेने आज पुराव्याची साधने विपुल आहेत. दंडाच्या पावत्यांइतक्याच काळजीने अपघातस्थळांच्या नोंदी अभ्यासकांना उपलब्ध झाल्या, तर पुढील संशोधनात ही उणीव भरून काढता येईल.